पावसाच्या खुणा : किती मानाव्या, कशा वाचाव्या

वैशाख लागला की खान्देशात कुठेही चार माणसे भेटली तर पहिला प्रश्न एकच असतो : औंदा पाणी कसं राहील? अंमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या कोरड्या वाळूत बसलेली मंडळी हेच बोलतात, मुक्ताईनगरच्या वाटेवर हेच बोलतात आणि घरी अंगणात बाजेवर पडलेला म्हाताराही हेच पुटपुटतो. यात नवल काही नाही. सह्याद्रीच्या आड पडलेला हा मुलूख. कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर धुळे जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाच-साडेपाचशे आणि जळगाव जिल्ह्याच्या वाट्याला सव्वासहाशे-सातशे मिलिमीटरांच्या आसपास येतो. रावेर-यावलच्या केळीला विहिरी आहेत, तापीकाठाला काळी भारी जमीन आहे. परंतु साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगावकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष चार पावसांवर तरते किंवा बुडते.

म्हणून आमच्या वाडवडिलांनी आभाळ वाचायची विद्या जमवली. पक्षी, मुंग्या, झाडे, वारा, चांदणे, सगळ्यांना त्यांनी साक्षीदार केले. या खुणांकडे आज दोन तऱ्हेने पाहिले जाते. कोणी म्हणतो, सगळे थोतांड. कोणी म्हणतो, जुन्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमच्या मते दोघेही अर्धेच बोलतात. खुणा सगळ्या एका जातीच्या नाहीत. त्यांची प्रतवारी केली पाहिजे, कारण त्यांच्या भरवशावर आपण घरातले शेवटचे बियाणे मातीत टाकत असतो.

नक्षत्रांचा पाऊस

सर्वांत आधी नक्षत्रे. सूर्य एका नक्षत्रात सुमारे तेरा-चौदा दिवस असतो. साधारण 25 मेला रोहिणी, 7-8 जूनला मृग, 21-22 जूनला आर्द्रा, 5-6 जुलैला पुनर्वसू, 19-20 जुलैला पुष्य, ऑगस्टच्या आरंभी आश्लेषा, 16-17 ऑगस्टला मघा, 30 ऑगस्टच्या सुमारास पूर्वा, 13 सप्टेंबरला उत्तरा, 27 सप्टेंबरला हस्त, 10 ऑक्टोबरला चित्रा आणि 23-24 ऑक्टोबरला स्वाती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. हस्ताचा तो हत्ती. बायाबापड्यांनी ठेवलेली ही नावे म्हणजे तोंडपाठ कालदर्शिकाच होय.

यात एक मोठे शहाणपण आहे. आपले सण-एकादश्या चंद्राच्या तिथीवर चालतात आणि पाऊस चालतो सूर्याच्या गतीवर. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला, म्हणजे आर्द्रात आली. 2024 साली 17 जुलैला, म्हणजे पुनर्वसूत आली. अधिक मासामुळे तिथी अशी पुढेमागे सरकते. शेतकऱ्याने ‘आषाढ लागला, आता पेरा’ म्हटले असते तर दर दोन-तीन वर्षांनी घात चुकला असता. म्हणून वारीला तिथी आणि पेरणीला नक्षत्र, असे दोन हिशेब त्याने वेगळे ठेवले. ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु नक्षत्रही अगदी स्थिर नाही. आज आपण धरतो त्या तारखा संपाताच्या संथ गतीमुळे सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 साली, ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा मृग आजच्या मोजणीने मेच्या अखेरीसच लागत असे. म्हणजे दहा-एक दिवसांचा फरक पडला. शिवाय खान्देशात मॉन्सून साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो, आणि मृग लागतो 7-8 जूनला. तेव्हा ‘मिरग निघाला, पाणी आलंच पाहिजे’ हा हट्ट आभाळाशी धरता येत नाही. 2023 साली केरळातच मॉन्सून 8 जूनला आला आणि आपल्याकडे मृग बहुतेक कोरडा गेला. उलट 2025 साली केरळात 24 मेला आणि मुंबईत 26 मेला पाऊस दाखल झाला, रोहिणीतच सगळीकडे पाणी झाले, आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो थबकला. तात्पर्य, नक्षत्र हंगामाची चौकट सांगते. त्या चौकटीत कोणत्या दिवशी पाणी पडेल हे सांगत नाही.

पंचांगातले वाहन

आता वाहनांचा विचार करू. ‘या नक्षत्राला वाहन म्हैस, पाणी भरपूर, त्याला कोल्हा, पाणी कमी’ असे आपण पंचांगात वाचतो. हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव अशी ही नऊ वाहने. सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला 9 ने भागतात आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवतात.

आता वाचकांनीच विचार करावा. हा भागाकार रत्नागिरीला एक आणि शिंदखेड्याला दुसरा येत नाही. वाहन बेडूक असेल तर ते दोन्हीकडे बेडूकच. मग एकीकडे भाताची खाचरे तुडुंब का भरतात आणि दुसरीकडे बाजरी का माना टाकते? या मोजणीत सह्याद्री नाही, सातपुडा नाही, वारा नाही, समुद्र नाही. मुलांना नऊ वाहने शिकवावी, कारण त्या निमित्ताने नक्षत्रे पाठ होतात. परंतु वाहन पाहून बियाणे उचलू नये.

आखाजीची घागर

अक्षय्यतृतीया, म्हणजे आपली आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. याच दिवशी पावसाचा अंदाज घेण्याची मोठी परंपरा आपल्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी आहे. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही घटमांडणी सुरू केली आणि ती साडेतीनशे वर्षांची आहे असे तिथली मंडळी सांगतात. शेतात गोल घट आखून सभोवती अठरा धान्ये मांडतात. मध्ये खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पापड, कुरडई, वडे, पुरी, करंजी असे पदार्थ. रात्री तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य घटाबाहेर सरकले, हे पाहून पावसाचे, पिकांचे आणि राज्यकारभाराचेही भाकीत सांगतात. ऐकायला खान्देशातूनही शेतकरी जातात.

या मांडणीत लोकांचा भाव आहे, एकत्र येणे आहे, हंगामाची मनाने तयारी आहे. त्या भावाची थट्टा आम्ही करणार नाही. पण घागर का पाझरते? मातीचा पोत, बुडाची जाडी, कोणत्या बाजूला छिद्रे अधिक, जमीन कुठे कलती, यावर कोणते ढेकूळ आधी भिजायचे ते ठरते. ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे किती होतील याची वार्ता घागरीच्या बुडाला लागण्याचा काही मार्ग दिसत नाही. आणि ढेकळे जर मराठी महिन्यांची धरली, तर वर पाहिल्याप्रमाणे ते महिने अधिक मासाने मागेपुढे होतात. आखाजी साजरी करावी, घागर भरावी, पितरांना पाणी द्यावे. पण कपाशी किती एकर आणि ज्वारी किती एकर, हे तिला विचारू नये.

पाखरे आणि किडामुंगी

तिसरी जात जिवंत साक्षीदारांची, आणि ही फार रसाळ आहे. अरण्यात आयुष्य घालवलेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी अशा कितीतरी खुणा टिपून ठेवल्या.

कावळ्याने झाडाच्या अगदी शेंड्यावर घरटे केले तर पाणी कमी, मध्यावर दाट फांद्यांत केले तर पाणी चांगले. आंबा-करंजावर केले तर शुभ, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर दुष्काळ, असे सांगतात. टिटवीने नदीच्या पात्रात अंडी घातली तर पाणी कमी, उंचवट्यावर घातली तर पूर. आणखी एक म्हणतात, टिटवीची जितकी अंडी तितके महिने पाऊस. या शेवटच्या खुणेपाशी थोडे थांबू. टिटवी बहुधा चारच अंडी घालते आणि त्यांची निमुळती टोके आत करून ठेवते. पावसाळाही चार महिन्यांचा. तेव्हा ही खूण दरवर्षी खरी ठरल्यासारखी वाटते, आणि 1972 सालीही ती चारच महिने सांगत होती! जी खूण सुकाळात आणि दुष्काळात एकच उत्तर देते, ती उत्तरच देत नाही. खूण पारखण्याची ही कसोटी वाचकांनी मनात ठेवावी.

चातक मात्र खरा वाटसरू आहे. हा काळा-पांढरा तुरेवाला पक्षी आफ्रिकेकडून नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आपल्याकडे येतो. तो दिसू लागला म्हणजे वारे फिरले, हे मानायला हरकत नाही. पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ओरडतो असे आपल्याला ऐकू येते; पण तो त्याच्या विणीचा काळ असतो आणि भर उन्हाळ्यातही तो ओरडतच असतो. त्याची हाक म्हणजे नांगर, वखर, बी-भरण तयार ठेवण्याची आठवण. पेरणीचा हुकूम नव्हे.

मुंग्या अंडी तोंडात धरून उंच जागी निघाल्या, चिमण्या धुळीत लोळू लागल्या, बेडूक ओरडू लागले, की पाणी जवळ आले असे समजतात. हवेतला दमटपणा या जिवांना आपल्या आधी कळतो. म्हणून तास-दोन तासांच्या, फार तर दिवसा-दोन दिवसांच्या अंदाजाला या खुणा कामाच्या. चार महिन्यांचे भविष्य मुंगीला ठाऊक नसते. वाळवीला पंख फुटून ती संध्याकाळी दिव्याभोवती उडते आणि मखमली लाल मिरगाचा किडा बांधावर दिसतो, तो पाऊस पडून गेल्यावर. ती पावसाची भविष्यवाणी नाही, पावतीच आहे; पण जमिनीत ओल शिरली हे ती सांगते, म्हणून शेतकऱ्याने तिची नोंद घ्यावी.

आणि एक साक्षीदार तर आपल्या भजनातच बसलेला असतो. आभाळ दाटले, हवा दमट झाली, की पखवाजाची पुडी सैलावते आणि सूर उतरतो. वादक गठ्ठे ठोकून ठोकून पुन्हा वर चढवतो. कातडे हवेतले पाणी पिते, म्हणून असे होते. घरातले मीठ पाझरते, गूळ चिकटतो, पापड मऊ पडतो, त्याचे कारणही हेच.

झाडे आणि आभाळ

बहावा पिवळ्या घोसांनी पूर्ण फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, अशी समजूत आहे. बिब्ब्याला फळ लदबदले तर दुष्काळ, असेही म्हणतात. झाडे उष्णता आणि जमिनीतली ओल यांना जाब देतात, ही गोष्ट खरी. परंतु फुलोरा हा झाडाने मागचा उन्हाळा आणि मागचा पावसाळा सोसल्याचा हिशेब आहे. पुढच्या वर्षाचा ठराव नव्हे. सौराष्ट्रात भडलीची वचने शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, तशी आपल्याकडे सहदेव-भाडळीची. जुनागढच्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन बहाव्यासह अशा खुणा वर्षानुवर्षे ताडून पाहण्याचे काम केले. हाच खरा मार्ग. मानण्याआधी मोजावे.

मोजण्याची ही रीत परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस द्रोणाच्या मापाने मोजलेला आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भाचे लक्षण सांगितले आणि गर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी वृष्टी होते असा हिशेब दिला. तो हिशेब आज कसोटीला उतरो वा न उतरो, हिवाळ्यापासूनच आभाळ रोज पाहावे आणि दिवस मोजावे, ही शिस्त त्याने घालून दिली.

आभाळाच्या खुणांत चंद्राचे खळे प्रसिद्ध आहे. खूप उंचावरच्या ढगांत बर्फाचे बारीक स्फटिक असतात. त्यांतून प्रकाश वळून मोठे कडे दिसते. असे ढग पुष्कळदा पावसाच्या पुढे चालतात, म्हणून मोठे खळे दिसले की पाऊस जवळ, या म्हणण्यात तथ्य आहे. इंद्रधनुष्य सूर्याच्या समोर उमटते. सकाळी ते पश्चिमेला दिसले तर पश्चिमेकडे पाऊस आहे. पावसाळ्यात ढग बहुधा तिकडूनच येतात, म्हणून तो आपल्याकडे येण्याचा संभव. संध्याकाळी पूर्वेला दिसले तर तो पुढे निघून गेला असावा. वळवाच्या दिवसांत मात्र ढग कुठूनही चढतात, तेव्हा हा नियम लावू नये.

मग पेरावे कधी?

येथे खरा प्रश्न येतो. एखादा जोराचा पाऊस झाला, मृग लागलेला आहे, पावशा ओरडतो आहे, शेजाऱ्याने तिफण जुंपली आहे. ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी पंढरीकडे निघते. महिन्याभराहून अधिक दिवसांची ही वाट. ‘पेरून मोकळं व्हावं अन् वारीला लागावं’ असे मनात येतेच. आणि घाईने पेरलेले बी पंधरा दिवसांच्या उघाडीत करपते. मग दुबार पेरणी, उसनवारी, सावकार. एका चुकलेल्या अंदाजाने घर किती वर्षे मागे जाते, हे खान्देशातल्या घराघराला ठाऊक आहे.

कृषी खात्याचे सांगणे असे की साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. आमच्या वडीलधाऱ्यांचे सांगणेही वेगळे नव्हते. ते शेतात जाऊन ढेकूळ उचलत, खाली हात घालून माती मुठीत दाबत. वीतभर खाली ओल लागली आणि मुठीत लाडू वळला तर घात आला म्हणत. आम्हाला ही सगळ्या खुणांची राणी वाटते, कारण ती उद्याचे अनुमान करीत बसत नाही. आज पायाखाली काय आहे ते सांगते.

हवामान खाते 1875 साली स्थापन झाले आणि 1928 साली त्याचे मुख्य कार्यालय पुण्याला आले. आज राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा हवामान सल्ला निघतो, तो मोबाईलवर ‘मेघदूत’मध्ये वाचता येतो. हा अंदाजही चुकतो. पण चार-पाच दिवसांपुरता तो कावळ्याच्या घरट्यापेक्षा पुष्कळ भरवशाचा आहे. हंगामभराचा अंदाज मात्र देशाचा किंवा विभागाचा असतो. ‘सरासरीइतका’ म्हटले म्हणजे आपल्या शिवारात सरासरीइतका, असे समजू नये. ऑगस्ट 2023 हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि 31 ऑगस्ट 2021 रोजी चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांना एका रात्रीत असा पूर आला की गोठ्यातली जनावरे वाहून गेली. अशा रात्री नक्षत्र कोणते, वाहन कोणते, हे विचारण्यात वेळ घालवू नये, नदीकाठ सोडावा.

उत्तरा-हस्ताच्या पावसाचेही असेच. तापीकाठच्या दादर ज्वारीचे आणि हरभऱ्याचे भवितव्य त्यावर असते. तेथेही ओल पाहावी आणि मगच पेरावे.

वाटेवरची वीज

शेवटी वारकऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची खूण. इ. स. 1297 साली वैशाख वद्यात तापीतीरी मेहूण येथे कडाडलेल्या विजेत मुक्ताई गुप्त झाल्या, अशी आपली श्रद्धा आहे. वैशाख-ज्येष्ठाची वीज या भूमीला जुनी आहे, आणि दरवर्षी शेतात, झाडाखाली, गुरांमागे असलेली माणसे तिने जातात. मुक्ताईंची गोष्ट मुक्ताईंची. आपण आपला जीव जपला पाहिजे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावे. तीन आकड्यांना सुमारे एक किलोमीटर. तीस मोजण्याच्या आत गडगडाट आला तर चाल थांबवावी, पक्क्या घरात, देवळात, शाळेत किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. उघड्या माळावर उंच धरलेली पताका हीच सगळ्यांत उंच वस्तू ठरते. अशा वेळी पताका खाली घ्यावी. त्यात अनादर नाही. आसरा नसेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ दिंडीतल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये असावे.

या पाठाचे सार

1. नक्षत्राने हंगामाची चौकट समजते, पाण्याचा दिवस नव्हे.
2. वाहन आणि घागर यांचा मान ठेवावा, पण त्यांवर बियाणे लावू नये.
3. मुंगी, बेडूक, खळे, पखवाजाची पुडी यांचे सांगणे आज-उद्यापुरते खरे धरावे.
4. जी खूण दरवर्षी एकच उत्तर देते ती सोडून द्यावी.
5. ओल पाहून पेरावे. गडगडाट ऐकून थांबावे.

प्रत्येक गावात एखाद्या जाणत्याने वही घालावी. बहावा कधी फुलला, टिटवीने अंडी कुठे घातली, चातक कधी दिसला आणि आपल्या मंडळात पाऊस किती मिलिमीटर झाला, हे दहा वर्षे लिहून ठेवावे. शाळेतल्या मुलांकडून हे काम सहज होते. मग कोणती खूण आपल्या शिवाराशी खरी बोलते आणि कोणती नुसतीच बोलते, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. वाडवडिलांनी आभाळाकडे पाहायला शिकवले. त्यांनी पाहिले तसे आपणही डोळे उघडे ठेवून पाहावे, हेच त्यांचे ऋण फेडणे होय.